दम लागेपर्यंत

परवा सकाळी अंगणातल्या सायकलीच्या साखळीत कापसाचा एक पुंजका अडकलेला दिसला. रस्त्याने जिनिंग मिलकडे जाणाऱ्या कुठल्यातरी टेम्पोतून उडाला असणार. सेलूत दसरा झाला की हे सुरू होतं. बाभळींना कापूस, विजेच्या तारांना कापूस, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना कापूस. मोंढ्याच्या, कापूस-धान्याच्या बाजाराच्या, बाजूने वारा आला की सरकीचा जरा तेलकट, कोंदट वास घरभर पसरतो. लोकांना हे दिवस आवडतात. ऊन सोसवतं, सकाळी शाल घ्यावीशी वाटते, चहाच्या टपरीवर माणसं मोठ्याने बोलतात. मीही पूर्वी या दिवसांची वाट पाहायचो. आता पहिला पुंजका दिसला की मी नजर फिरवतो. दोन वर्षांमागे याच दिवसांत मी माझ्या बायकोला, मंदाला, बरं करायला घेतलं होतं.

"बरं करायला घेतलं" हे माझेच शब्द. त्या हिवाळ्यात भेटेल त्याला मी ते सांगत होतो. भिंत रंगवायला घेतली, विहीर खोदायला घेतली, तसं.

सगळी नोकरी मी शाळेत पीटीचा शिक्षक म्हणून काढली. मैदान एकच, शिट्टी एकच, दोरी तेवढी बदलत गेली. रिटायर होऊन वर्षं झाली तरी बाजारात कोणी पोक काढून चालताना दिसला की माझ्या तोंडून "छाती पुढे" निघून जातं. मैदानावर माझा दरारा होता. मुलं धावून धावून ओणवी व्हायची, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायची, तेव्हा मी म्हणायचो, "दम लागला? मग आता कुठं सुरुवात झाली." त्यातली पुष्कळ पुढे पोलिसांत, मिलिटरीत लागली आणि घरी पेढे घेऊन आली. जी मैदानाच्या कडेला उलट्या करून घरी गेली, ती कधी पेढे घेऊन आली नाहीत. त्यांची नावंही मला आठवत नाहीत.

मंदा बोरीची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिचे दोन्ही हात वेचणीने चिरलेले होते. कापसाच्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात, आणि ही भराभर वेचणारी. घरातही तशीच. मी आंघोळ करून येईपर्यंत चार भाकऱ्या टोपल्यात, भांडी पालथी, अंगण झाडलेलं. चपळ बाई घरात दिसत नाही, नुसतं काम झालेलं दिसतं. ती मला खऱ्या अर्थाने दिसायला लागली ती मंद झाल्यावर. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे तिचं मंद होणं माझ्याच अंगावर आलं.

आधी भाकरी एका बाजूला जाड होऊ लागली. मग तिने लिहिलेली किराण्याची यादी मला वाचता येईना. पहिला शब्द बरा, पुढे अक्षर लहान लहान होत शेवटी मुंग्यांची रांग. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला वास येईना. चालताना डावा हात हलेना, तो अंगाला चिकटून राही, कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. आयुष्यभर मुलांची चाल बघत आलेला माणूस मी. कदमतालात एका पोराचा हात चुकला तर पन्नास पावलांवरून मला दिसायचं. घरातला हात मला दिसला नाही. दिसला तेव्हा मी म्हणालो, "हात काय खिशात ठिवलाय का? हलव की."

तिचा चेहराही हळूहळू थांबला. डोळे कमी मिटायचे, ओठ जागच्या जागी. मी काही बोललो तर ती माझ्याकडे बघायची आणि त्या बघण्यात काहीच नसायचं. मला ते बरं वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते. चाळीस वर्षांच्या संसारात बाई शेवटी शांत झाली, आता उलटून बोलत नाही, असं मी समजत होतो.

मग पालमला माझ्या पुतण्याचं लग्न आलं. गंगाखेडला एसटी बदलायची होती. गाडी थांबली, मी खाली उतरलो, आणि मंदा दारात उभी राहिली ती राहिलीच. एक पाय पायरीवर, हात दांड्याला. पाठीमागे माणसं, पिशव्या, कडेवरची लेकरं. "उतरा की बाई," "काय करायलात तिथं," असा गलका. ती खाली बघत होती, पायरीकडे, जणू ती विहिरीइतकी खोल होती. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ती गुडघ्यांवर पडली, डांबरावर. साडी फाटली, रक्त आलं. मी तिला उठवलं, गुडघा पुसला, आणि लग्नात सगळ्यांना सांगितलं, "आमच्या हिला एसटीच्या पाया पडायची हौस आली." लोक हसले. मंदाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, म्हणून मी तोच विनोद जेवणाच्या पंगतीत पुन्हा केला.

परभणीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तिला नुसतं खोलीत चालवून बघितलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं, उठायला-बसायला लावलं. मग मला म्हणाले, "हा पार्किन्सन आहे, सर. तीनेक वर्षांपासून तरी असावा."

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायला त्यांना आवडत होतं. मेंदूच्या बुडाशी एक लहानसा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन तयार करतात. पाऊल टाकायला, बटण लावायला, चेहऱ्यावर हसू यायला ते लागतं. त्या पेशी मरत जातात. हात थरथरू लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्याच असतात. गोळी त्या रसायनाची उणीव काही तास भरून काढते, पेशींचं मरणं थांबवत नाही.

"मग थांबवतं काय?" मी विचारलं.

"खात्रीने काहीच नाही. पण व्यायामाचा उपयोग होतो, असं आता दिसायला लागलंय. नुसतं हातपाय ताणणं नव्हे. दम लागेल असा. भरभर चालणं, सायकल. आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा-पाऊण तास. असा व्यायाम नेटाने करणाऱ्यांच्या मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या भागांची एकमेकांशी जोडणी चांगली राहते, मेंदूचं आकसणं जरा मंदावतं. आजार जात नाही, सर. गोळ्याही सुटत नाहीत. पण थोडा वेळ हाताशी लागतो." आधी हृदयाची तपासणी करून घ्या, असं त्यांनी बजावलं, आणि शेवटी म्हणाले, "त्यांना स्वतःहून जेवढं झेपतं, त्याच्या थोडं वर न्यायचं. थोडं."

मंदा शेजारीच बसली होती. तिला त्यांनी काही विचारलं नाही, मीही नाही. परत येताना रेल्वेत मी खुशीत होतो. आयुष्यभर जे करत आलो तेच औषध निघालं होतं. डॉक्टरांचा शेवटचा शब्द सोडून मी सगळं ऐकलं होतं.

शाळेच्या मैदानाचा दरवाजा माझ्यासाठी सकाळी उघडा असायचा. मी मंदासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. जन्मात तिने बूट घातले नव्हते. नऊवारी सोडून पाचवारीत आलेली, पण बुटांत पाय घालताना ती थबकली आणि म्हणाली, "लोकं काय म्हणतील?" मी म्हणालो, "बरी झालीस की लोकंच फुलं देतील." मैदानावर मी चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या, पाऊलभर अंतरावर, आडव्या. जमिनीवर रेघ दिसली की अडकलेला पाय उचलला जातो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेंदूची नेहमीची वाट बुजली तरी डोळ्यांकडून जाणारी वाट उघडी असते. आणि खरंच, रेघांवरून मंदा चालली. पहिल्या दिवशी तो चमत्कार बघून माझे डोळे भरून आले होते, हेही लिहायला हवं. मी काही राक्षस नव्हतो. तिला गमवायची भीती मला होती आणि भीती वाटली की मी शिट्टी फुंकतो, एवढंच.

शिट्टी मी रोज फुंकत होतो. दर फेरीला. ती मंदावली की दोनदा. कापसाच्या गाड्या मैदानाच्या भिंतीबाहेरून जात, गाडीवर लोळत पडलेली माणसं मान वर करून बघत. म्हातारा शिट्टी मारतोय आणि साडीतली म्हातारी बूट घालून चुन्याच्या रेघांवरून पळतेय. कोणी ओरडून विचारायचं, "सर, काकूला भरतीला पाठवायलात का?" मी हात हलवून हसायचो.

चालण्याने तिला पुरेसा दम लागत नाही असं माझ्या लक्षात आलं. तिचे पाय एका वेगाच्या वर जातच नव्हते. म्हणून स्टेशन रोडच्या वेल्डिंगवाल्याकडून मी ती सायकल करून घेतली. दोन जुन्या सायकली एका लोखंडी सांगाड्यावर, एकामागे एक, चाकं काढलेली. दोन्हींची पायडलं एका लांब साखळीने जोडलेली. पुढे बसून मी पाय मारले की मागे बसलेल्या मंदाचे पायही त्याच वेगाने फिरणार. वेल्डिंगवाल्याने काम संपवून साखळी फिरवून बघितली आणि विचारलं, "सर, मागच्याला थांबायचं असलं तर?"

"थांबायचंच न्हाई," मी म्हणालो.

तिचे पाय पायडलवरून घसरायचे, म्हणून जुन्या साडीच्या पट्ट्यांनी ते मी बांधत असे. सकाळी सात वाजता, अंगणात. पुढे मी, पाठीमागे ती. मी मिनिटं मोठ्याने म्हणायचो. आमच्याकडे धुणंभांड्याला येणारी कौसाबाई नळाजवळ बसून हे बघायची. कौसाबाईने वीस हंगाम ऊसतोड केलेली. गुडघे गेले तेव्हा कोयता सोडून ती सेलूत कामं धरून राहिली होती. एक दिवस भांडी घासता घासताच, वर न बघता, ती म्हणाली, "सर, आमचा मुकादम असाच हाकायचा. पण त्यानं कदी आमचे पाय बांधले न्हाईत."

"डॉक्टरांनी सांगितलंय कौसाबाई."

"सांगितलं आसंल. तुमी शिकलेले लोकं."

मार्गशीर्षातला एक दिवस आहे. त्या दिवसाबद्दल मी कोणालाच सांगितलं नव्हतं. धुकं होतं. मंदा आदल्या दिवसापासून नीट जेवली नव्हती. तिसाव्या मिनिटापर्यंत जायचं असं मी ठरवलं होतं, आम्ही सव्विसाव्यात होतो. मागून आवाज आला. तिचा आवाज तेव्हा फार बारीक झाला होता, दोन हातांवरून बोलली तरी कान द्यावा लागायचा. साखळी खडखडत होती. मी सव्वीस म्हणालो, सत्तावीस म्हणालो. तीस झाल्यावर थांबलो, उतरलो, मागे वळलो. तिची साडी भिजली होती. पायडलवरून, बांधलेल्या पट्ट्यांवरून, फरशीवर ओघळ गेला होता. ती समोर बघत होती. चेहरा कोरा.

"सांगायचं न्हाई का?" मी म्हणालो.

कौसाबाईने येऊन पट्ट्या सोडल्या आणि तिला धरून आत नेलं. मी फरशी धुतली. धुताना स्वतःला समजावत होतो की साखळीच्या आवाजात ऐकू आलं नाही. नंतर रात्रंदिवस हेच समजावत राहिलो आणि ते मला पटत गेलं. ज्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही त्याच्याशी क्रूर होणं फार सोपं असतं. आपण मारलेलं लागलं की नाही, हे सांगणारा आरसाच समोर नसतो.

आणि तिला फरक पडत गेला. आज मला सगळ्यात छळतं ते हेच. क्रूरपणा फुकट गेला असता तर मी रडून मोकळा झालो असतो. पण पौषात मंदा खुर्चीतून एका झटक्यात उठू लागली. डावा हात चालताना हलू लागला. भाकरी पुन्हा गोल झाली. आवाज अंगणापर्यंत पोहोचू लागला. डॉक्टरांनी तिची बोटं आपटायला लावली, दोनदा बघितली आणि म्हणाले, "सर, काय केलंत हो तुम्ही? असंच चालू ठेवा." मेंदूच्या त्या काळ्या भागात उरलेल्या पेशींना कोण हाकतंय, मायेने हाकतंय की जिंकायच्या हट्टाने, हे कळत नसावं. त्यांना रक्त हवं, वेग हवा, दम हवा. माणसाला काय हवं, हा त्यांचा प्रश्न नाही.

संक्रांतीला घरी हळदीकुंकू झालं. मंदाने स्वतःच्या हाताने बायकांना तिळगूळ वाटला, एक दाणा सांडला नाही. मी बाहेरच्या खोलीत, दाराशी उभा. शेजारच्या एक बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सरांनी वैनींना उभं केलं बरं का. असा नवरा लाखात एक." बायका माना हलवू लागल्या. मी मंदाकडे बघितलं, ती काय म्हणते म्हणून. दोन वर्षं मेल्यासारखा पडून असलेला तिचा चेहरा हलला. वरचा ओठ एका बाजूने उचलला गेला, नाकाशेजारी सुरकुती पडली, डोळे बारीक झाले. क्षणभरच. तिने तोंड फिरवलं आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं.

ती किळस होती. चाळीस वर्षं बरोबर राहिलेल्या माणसाला एवढं कळतं.

त्यानंतर मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. कौसाबाईशी बोलताना ती हसायची, चक्क दात दिसेपर्यंत. मी खोलीत आलो की चेहरा बंद व्हायचा, आणि ते बंद होणं मला ओळखू येऊ लागलं. आजाराने बंद झालेला चेहरा सैल असतो, कोणाचाच नसल्यासारखा. हा आवळून घेतलेला होता. हा आजार नव्हता. तिच्या मेंदूला मी जे परत मिळवून दिलं होतं, त्यातलं पहिलं तिने माझ्याविरुद्ध वापरलं.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी पट्ट्या घेऊन अंगणात आलो, तर ती सायकलपाशी न जाता ओट्यावर बसून राहिली.

"काय झालं? सात वाजले."

"बसा," ती म्हणाली. मी बसलो. तिने बोलायला वेळ घेतला, पण बोलली स्पष्ट. "त्या दिवशी मी तीनदा थांबा म्हणले."

"कोणत्या दिवशी?" मला माहीत होतं कोणत्या.

"माझी साडी भिजली त्या दिवशी."

"मला ऐकू आलं न्हाई मंदा. साखळीचा आवाज..."

"तुमाला आलं हुतं." तिचा आवाज चढला नाही. "दुसऱ्यांदा म्हणले तवा तुमचे पाय थांबले. एक पळभर. मंग तुमी पयल्यापेक्षा जोर लावला. माझे पाय तुमच्या पायाला बांधलेले हुते. मला कळणार न्हाई का?"

नळाचं पाणी बादलीत पडत होतं, कौसाबाईने ते बंद केलं. मी त्या क्षणापर्यंत, देवाशपथ, विसरलो होतो. किंवा विसरणं पूर्ण केलं होतं. तिने सांगितलं आणि माझ्याच पोटऱ्यांना ते आठवलं. पाय थांबलेले. मागून आलेला "थांबा." मग मनात आलेलं, तीन मिनिटं तर राहिलीत, हिचं कायमचंच आहे. आणि मग दाबलेलं पायडल.

"गंगाखेडला पाडलं, ते मी सोडून दिलं," ती म्हणाली. "तवा तुमाला आजार ठाऊक नव्हता. हे ठाऊक असताना केलं."

"तुझ्यासाठीच ना. फरक पडला की न्हाई, तूच सांग."

"पडला. लय पडला. म्हणून तर बोलता यायलंय." तिने माझ्या हातातल्या पट्ट्यांकडे बघितलं. "व्यायाम मी सोडणार न्हाई. पर तुमच्या मागं बसणार न्हाई."

मला राग आला, खरं सांगायचं तर. मी म्हणालो, मग कोण बसणार पुढे, तुझा बाप येणार का बोरीहून. तिचा बाप जाऊन पंधरा वर्षं झाली होती. कौसाबाईने हात पदराला पुसले, साडीचा काष्टा मारला आणि पुढच्या सायकलीवर चढून बसली. गुडघे गेलेली बाई. बसल्यावर म्हणाली, "चढायला दुखतंय, फिरवायला काय न्हाई. या वैनी."

पट्ट्या तिने बांधल्या नाहीत. पाय घसरला की दोघी थांबायच्या, पुन्हा सुरू करायच्या. मला वाटलं आठ दिवसांत हे बंद पडेल. ते सव्वा वर्ष चाललं. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसायचो आणि अंगणातून साखळीची खडखड, त्यावरून मोठ्याने चाललेल्या गप्पा ऐकायचो. उसाच्या फडावरच्या गोष्टी, सुनेची भांडणं, बोरीच्या ओढ्यातले खेकडे. साखळीच्या आवाजावर आवाज चढवावा लागायचा, त्याने मंदाचा आवाज आणखी मोकळा झाला. वेग माझ्या वेळेपेक्षा कमी नव्हता. एकदा मी लपून घड्याळ लावून मोजला होता. उलट थोडा जास्तच होता. दोघींना दम लागायचा, बोलणं तुटायचं, मग हसू यायचं. डॉक्टर परभणीत मला शाबासकी देत राहिले आणि मंदा शेजारी बसून ती मला घेऊ देत राहिली. त्या शाबासकीइतकी मोठी शिक्षा मी कधी कोणाला मैदानावर दिली नव्हती.

माझ्याशी ती वाईट वागली नाही. ताट वाढायची, गोळ्यांची वेळ झाली की सांगायची, मुलीचा फोन आला की माझ्या हातात द्यायची. फक्त त्या दिवसाबद्दल मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं, तेव्हा दोन्ही वेळा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." माफ केलं असं त्यात नव्हतं. त्या बाईने माझी माफी घ्यायलाच नकार दिला होता.

या उन्हाळ्यात तिला ताप आला. टायफॉइड निघाला. दीड महिना अंथरुणात गेला, सायकल उभीच. पार्किन्सनमध्ये बसून राहणं म्हणजे उतारावर हात सोडणं. ताप गेला तेव्हा मंदा पुन्हा खूप मागे गेली होती, पहिल्यापेक्षाही मागे. गोळ्या वाढल्या. पावसाळ्यात कौसाबाईने तिला रोज धरून सायकलवर बसवलं, थोडं परत मिळालं, पुष्कळ मिळालं नाही. डावा हात पुन्हा अंगाला चिकटला. आवाज पुन्हा ओठांपाशी थांबतो. आणि चेहरा बंद झाला.

मी आता तिला भरवतो. घास तोंडाशी नेला की ती माझ्याकडे बघते. मी त्या चेहऱ्यात शोधत राहतो. सैल आहे की आवळलेला? एके काळी मला फरक ओळखू यायचा. आता येत नाही. तिच्या आत मला अजून क्षमा नाही, की आत काय आहे ते बाहेर यायला रसायनच उरलं नाही, हे मला कधी कळणार नाही. तिला विचारता येतं, उत्तराला वेळ लागतो एवढंच. विचारायची माझी छाती होत नाही.

दसऱ्यानंतर कौसाबाई सेलू सोडून गेली. तिचा मुलगा-सून उसाला जाणार, सून बाळंत होऊन दोन महिने झालेले, फडावर लेकराला सांभाळायला कोणी नाही. जाताना ती मंदाजवळ बराच वेळ बसली, केस विंचरून दिले. दाराशी मला म्हणाली, "पाय बांधू नका, सर." एवढंच. मुकादमाचा ट्रक मोंढ्याजवळ उभा होता.

आठ दिवस सायकल तशीच. मी मंदाला मैदानावर न्यायचो, हाताला धरून, रेघांवरून. शिट्टी नव्हती. पण दम लागत नव्हता, दोघांनाही माहीत होतं.

आज सकाळी मी साखळीतला कापूस काढला, तेल घातलं. ओट्यावर ती बसली होती, बूट घालून. बूट तिने स्वतः घातले होते, त्याला अर्धा तास तरी लागला असेल. मी तिच्यासमोर उभा राहिलो. मी सगळं आयुष्य हुकूम देण्यात घालवलं, मला विचारायची सवय नाही. विचारलं.

"मी बसू का पुढं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थांबलो. रस्त्याने एक गाडी गेली, दुसरी गेली. तिच्या ओठांची हालचाल सुरू झाली तेव्हा मी खाली वाकून कान जवळ नेला.

"बसा," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "जोरात मारा. डॉक्टरनी सांगितलंय तसं."

"बरं."

"मला तुमचे पाय पायजेत." पुन्हा श्वास. "बोलू नका."

मी तिला धरून मागच्या सायकलीवर बसवलं, पाय पायडलवर ठेवून दिले, मोकळे. पुढे जाऊन बसलो. तिच्याकडे पाठ झाली. सुरुवातीला तिच्या पायांचा भार माझ्या पोटऱ्यांवर आला, जड, अडखळता. मग तो हळूहळू हलका होत गेला. मिनिटं मी मनात मोजली. दहाव्या-बाराव्या मिनिटाला मागून तिचा श्वास ऐकू यायला लागला, तोंडाने घेतलेला, खरखरीत. तो कुठे तुटतो का, हे ऐकत मी पाय मारत राहिलो.